दहा आकडे, चौदा सेकंद
गाजलेल्या लढती : भाग ६

२२ सप्टेंबर १९२७. शिकागोच्या सोल्जर फील्डवर लाखाहून अधिक प्रेक्षक जमले होते आणि तिकिटांचा गल्ला २६ लाख डॉलरच्या पुढे गेला होता. मुष्टियुद्धातला हेवीवेट जगज्जेता जीन टनी याचा वाटा ९ लाख ९० हजार डॉलरहून थोडा अधिक. पूर्ण दहा लाखांचा चेक हाती पडावा म्हणून त्याने वरचे साडेनऊ हजार डॉलर स्वतःच्या खिशातून भरले आणि आयोजक टेक्स रिकार्ड यांच्याकडून तसा चेक घेतला. पण या लढतीची आठवण निघते ती सातव्या फेरीतल्या काही सेकंदांमुळे.

आव्हानवीर जॅक डेम्प्सी हा माजी जगज्जेता. कोलोरॅडोतल्या मनासा गावचा, मालगाड्यांतून फुकट भटकलेला, खाणीत राबलेला. टनी न्यूयॉर्कचा, अमेरिकेच्या मरीन दलात होता, शेक्सपिअर वाचायचा. एक वर्ष आधी फिलाडेल्फियात भर पावसात टनीने दहा फेऱ्यांत गुणांवर डेम्प्सीला हरवून किताब घेतला होता. लोकांना टनीबद्दल आदर होता, पण जीव होता तो डेम्प्सीवर.

डेम्प्सीची एक सवय मात्र सगळ्यांना ठाऊक होती. प्रतिस्पर्धी कोसळला की तो त्याच्या डोक्याशी उभा राहायचा आणि समोरचा उठू लागताच पुढचा ठोसा हाणायचा. १९१९ मध्ये टोलेडोला त्याने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, ते असेच. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला अर्जेंटिनाच्या लुइस फिर्पोलाही पहिल्या फेरीत तितक्याच वेळा लोळवले. त्या फेरीत फिर्पोनेही डेम्प्सीला दोरांमधून थेट खाली बसलेल्या पत्रकारांच्या अंगावर फेकले, ती गोष्ट वेगळी. पडलेल्याला मारणे नियमबाह्यच होते. पण गुडघा जमिनीवरून सुटला की तो माणूस उभा धरला जाई, मग त्याचा तोल सावरलेला असो वा नसो.

याला आळा घालणारा नियम शिकागोत लागू होता. रिंगणाचे दोन कोपरे दोन खेळाडूंचे, उरलेले दोन तटस्थ. एकाने दुसऱ्याला पाडले की पाडणाऱ्याने लांबच्या तटस्थ कोपऱ्यात जायचे. तो जाईपर्यंत पंचांनी आकडे मोजायचे नाहीत. लढतीपूर्वी दोन्ही गटांना हे सांगितले होते. पंच डेव्ह बॅरी यांनी रिंगणातही पुन्हा बजावले.

सातव्या फेरीत डेम्प्सीने टनीला दोरांशी गाठले. ठोशांची एक सर कोसळली आणि टनी खाली बसला, डाव्या हाताने दोर धरून. कारकिर्दीत तो पहिल्यांदाच असा पडला होता. मैदान उठून उभे राहिले. डेम्प्सीही उभाच राहिला, पण जवळच! बॅरी त्याला कोपरा दाखवत होते आणि त्याचे पाय हलत नव्हते. तिकडे रिंगणाबाहेर वेळाधिकारी पॉल बीलर यांची मोजणी चालू झालेली. डेम्प्सी अखेर हलला तेव्हा ती चार-पाचपर्यंत पोहोचली होती. बॅरी यांनी ती धरली नाही. ते परत आले आणि ‘एक’पासून मोजू लागले. ‘नऊ’वर टनी उठला. घड्याळाच्या हिशेबाने तो तेरा-चौदा सेकंद खाली होता.

उठल्यावर टनीने शहाणपणा केला. तो मागे सरकत, रिंगणात गोल फिरत राहिला. पाय जड झालेला डेम्प्सी त्याला हाताने खुणावत होता, की ये, लढ. टनी आला नाही. फेरी संपली आणि डेम्प्सीच्या हातची संधीही.

वाद पेटला तो आठव्या फेरीमुळे. तिच्यात टनीने डेम्प्सीला क्षणभर खाली पाडले. या वेळी टनी कोपऱ्यात पोहोचण्याची वाट न पाहता बॅरी यांनी मोजणी सुरू केली, असे डेम्प्सीचे पाठीराखे आजवर सांगत आले. त्यांचा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे, पण त्याने सातव्या फेरीचा निकाल फिरत नाही. बाद ठरण्यासाठी पंचांनी दहा मोजावे लागतात आणि त्या रात्री ते नऊवर थांबले. टनी पहिल्या दहा सेकंदांच्या आत उठू शकला असता का, हा प्रश्न उरतो. उठू शकलो असतो, असे तो जन्मभर म्हणत राहिला. पण मोजणी चालू असताना पूर्ण विश्रांती घेणे हे कुठल्याही अनुभवी मुष्टियोद्ध्याचे गणित असते, त्यामुळे तो नऊवर उठला यावरून त्याची हालत कळत नाही. डेम्प्सी वेळेवर वळला असता, तर ते कळले असते.

दहाव्या फेरीअखेर टनी गुणांवर जिंकला. डेम्प्सीने किताबासाठी पुन्हा लढत दिली नाही. टनीने १९२८ मध्ये टॉम हीनीला हरवून निवृत्ती घेतली आणि पुढे दोघांची घट्ट मैत्री जमली. तटस्थ कोपऱ्याचा नियम आजही पाळला जातो. पाडणारा कोपरा सोडून पुढे आला, तर पंच मोजणी मध्येच थांबवतात.

(पुढील भागात : जो लुई विरुद्ध माक्स श्मेलिंग, न्यूयॉर्क, १९३८. पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपलेली लढत.)