लिंबू, ऊन आणि लेझर

श्रीगोंदा तालुक्यात लिंबू विकत आणावं लागत नाही अशी कितीतरी घरं आहेत. श्रीगोंदा, काष्टी या पट्ट्यात कागदी लिंबाच्या बागा आहेत, आणि 'साई सरबती' हे नावाजलेलं वाण याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेलं आहे. त्यामुळे लग्न ठरलेल्या मुलीच्या तोंडाला बेसन, साय, चिमूटभर हळद लावायची आणि त्यावर लिंबाची फोड पिळायची, हा इथला सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा मानलेला उपाय. अलीकडे त्याच मुलीच्या यादीत लेझरची भर पडली आहे. हनुवटीवरचे, ओठांवरचे, हातांवरचे केस काढून घ्यायला ती नगरला किंवा पुण्याला जाते. खुर्चीवरचं काम अर्ध्या तासात उरकतं. पण त्वचा स्वच्छ राहणार की काळे डाग उठणार, हे मात्र त्याआधीच्या महिन्याभरात आणि नंतरच्या पंधरवड्यात ठरतं. त्या काळात घरात आणि उन्हात काय घडतं, याला मशीनइतकंच महत्त्व आहे.

लेझर नेमकं करतं काय, हे समजलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप उलगडतात. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी 1983 साली 'सायन्स' या नियतकालिकात एक तत्त्व मांडलं: प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताचा वेळ नेमका निवडला, तर आजूबाजूला धक्का न लावता ठरावीक रंगाचीच वस्तू तापवता येते. केसात आणि त्याच्या मुळाशी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य असतं. ते प्रकाश शोषतं, तापतं आणि ती उष्णता मुळाला निकामी करते. 1996 साली अँडरसन यांच्याच बोस्टनमधल्या गटाने रुबी लेझरने केस कमी होतात हे दाखवून दिलं. पिकलेल्या केसात मेलॅनिनच नसतं, म्हणून पांढऱ्या केसांवर हा उपाय चालत नाही.

अडचण अशी की तेच मेलॅनिन कातडीतही असतं. गोऱ्या माणसाच्या त्वचेत ते थोडं, आपल्यात भरपूर. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली सुरू केलेल्या आणि पुढे वाढवलेल्या वर्गवारीत त्वचेचे सहा प्रकार आहेत. आपल्याकडचे बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. अशा त्वचेवर 694 नॅनोमीटरचं रुबी लेझर धोक्याचं, 755 चं अलेक्झांड्राइट फार जपून वापरायचं, तर 800 ते 810 चं डायोड आणि 1064 चं एनडी-याग तुलनेने सुरक्षित. याग लेझर खोल जातं आणि वरच्या थरातलं मेलॅनिन त्याला कमी अडवतं. म्हणून दवाखान्यात पहिल्यांदा विचारायचा प्रश्न 'किती रुपये' हा नाही. मशीन कोणतं, ते चालवणार कोण आणि आधी छोट्याशा जागेवर चाचणी घेणार का, हे विचारलं पाहिजे.

आता ऊन. श्रीगोंद्यात मार्चपासून पारा चढू लागतो. लिंबू तोडणं, कांदा काढणं, उसाची खुरपणी, कॉलेजला स्कूटीवरून जाणं, यातलं काहीच सावलीत होत नाही. शेतात राबणाऱ्या बाईचा दंड पाहिला तर ब्लाउजची बाही जिथे संपते तिथे आखल्यासारखी रेघ दिसते. रेघेच्या वर एक रंग, खाली दुसरा. दोन्हींवर एकाच जोराचा झोत मारला तर वरच्या भागाला जे मानवतं ते खालच्या रापलेल्या भागाला भाजून काढू शकतं. म्हणून लेझरच्या आधी निदान दोन ते चार आठवडे आणि नंतरही तितकेच दिवस ऊन टाळायला सांगतात. शेतात जाणं सुटत नसेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, स्कार्फ आणि किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन, तेही दर दोन-तीन तासांनी पुन्हा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरतील इतकं सनस्क्रीन लागतं. वाटाण्याएवढ्या थेंबाने काही होत नाही. आणि त्या आठवड्यात अंग रापलंच असेल, तर तारीख पुढे ढकलावी. बुडालेली खेप पुढच्या पंधरवड्यात भरून निघते, भाजल्याचा डाग कित्येक महिने जात नाही.

लिंबाचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण त्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत फ्युरोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना उन्हातले अतिनील-ए किरण पडले की कातडीला इजा होते. लगेच काहीच कळत नाही. साधारण एका दिवसाने आग सुरू होते, दोन-तीन दिवसांत लाली किंवा फोड, आणि मग तपकिरी डाग. सरबत पिळताना हातावर ओघळलेल्या रसाचे डाग ओघळाच्याच आकाराचे उठतात. याच वर्गातली द्रव्यं बावचीच्या बियांत असतात. कोडावर बावची आणि ऊन यांचा उपचार पूर्वापार होत आला तो याच गुणामुळे. म्हणजे चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात कपडे वाळत घालायला जाणारी मुलगी कातडी उजळायच्या नादात ती काळी व्हायची सोय करत असते. त्या काळवंडलेल्या कातडीवर लेझर पडलं तर भाजण्याचा धोका आणखी वाढतो. लेझरच्या निदान महिनाभर आधीपासून लिंबू तोंडापासून दूर ठेवावं. बागेत काम करणाऱ्यांनी तोडणीनंतर हात साबणाने धुवावेत.

आधीच्या तयारीतली सगळ्यात अवघड गोष्ट मुलींना वेगळीच वाटते. लेझरपूर्वी चार आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमट्याने उपटणं सगळं बंद, कारण मुळासकट उपटलेल्या केसाच्या जागी तापायला काही उरतच नाही. मग महिनाभर ओठांवरचे केस घेऊन वर्गात, कामावर, पाहुण्यांत कसं वावरायचं? उत्तर सोपं आहे: रेझर. आणि नेमका त्यालाच घरातून विरोध होतो. वस्तरा लावला की केस राठ आणि दाट येतात, ही समजूत आज्जीपासून पार्लरपर्यंत सगळ्यांची. ती चुकीची आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1928 सालीच दाढी करणाऱ्या पुरुषांवर हे मोजून पाहिलं होतं. वस्तऱ्याने केसाचं टोक सपाट कापलं जातं म्हणून ते हाताला टोचतं, इतकंच. केसाची जाडी ठरते ती मुळात, आणि मुळापर्यंत वस्तरा पोचत नाही. लेझरच्या आदल्या दिवशी नवं पातं घेऊन, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने केस काढून जावं.

गोंदणाची आठवण डॉक्टरला आवर्जून करून द्यायला हवी. आपल्याकडच्या कितीतरी बायांच्या हनुवटीवर, कपाळावर, मनगटावर हिरवट ठिपके असतात, आणि हनुवटी तर केस काढून घेण्याची नेहमीची जागा. गोंदणाचा रंग लेझरचा प्रकाश झटकन शोषतो, म्हणून तो ठिपका पांढऱ्या पट्टीने झाकून त्याच्या कडेने काम करावं लागतं. मेंदीचंही तसंच. हातावरची मेंदी पूर्ण उतरल्याशिवाय त्या भागावर लेझर नको. हळदीच्या समारंभाच्या आठवड्यात तर या वाटेला जाऊच नये.

काही जणी दुखेल म्हणून बधिर करणारं मलम घरूनच थापून निघतात. हे जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत दोन तरुणींनी लेझरपूर्वी पायांवर असं तीव्र मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं आणि त्यातच त्या दगावल्या. 2007 साली तिथल्या औषध प्रशासनाने त्यावरून जाहीर इशारा दिला. मलम लागलंच तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या जागेवर, थोडा वेळ.

दुसरं मलम अधिक घातक ठरतं, कारण ते रोजचं असतं. गोरं करणारी म्हणून औषधांच्या दुकानातून आणलेल्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने ते लावलं की कातडी पातळ आणि लाल होते, आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. म्हणजे ज्या केसांसाठी मुलगी लेझरला निघाली, ते कधी कधी त्या ट्यूबनेच उगवलेले असतात. केंद्र सरकारने 2018 साली अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी सवय सुटलेली नाही. वापरत असाल ते प्रत्येक क्रीम दवाखान्यात सोबत न्यावं. पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल तर आधी हार्मोन आणि थायरॉइडची तपासणी. पीसीओएस हा हार्मोनचा विकार असेल आणि तो तसाच राहिला तर नवे केस येतच राहणार. केस अचानक, झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर लेझर बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठावा.

लेझर झाल्यावर केसांच्या मुळाशी बारीक लालसर पुरळ उठतं. ते अपेक्षितच असतं आणि बहुधा एक-दोन दिवसांत बसतं. फडक्यात गुंडाळलेला थंड पॅक ठेवावा, बर्फ थेट कातडीवर घासू नये. दोन दिवस कढत पाण्याची अंघोळ नको, चुलीपुढे बसणं नको, बगलेत डिओडरंट नको. चुलीचं पथ्य घरात बोलून दाखवावं लागतं, कारण भाकरी थापायला दुसरं कुणी लागतं. परसातली कोरफड कापून लगेच चोळायचीही घाई नको. पातीतून आधी निघणारा पिवळा चीक ताज्या भाजलेल्या कातडीला चांगलाच झोंबतो. डॉक्टरांनी दिलेलं साधं मॉइश्चरायझर पुरे.

परतीचा प्रवासही याच काळजीत मोडतो. पुण्याहून भर दुपारी दुचाकीवर निघण्यापेक्षा संध्याकाळची एसटी बरी, तीही सावलीच्या बाजूची जागा धरून, कारण खिडकीची साधी काच अतिनील-ए किरण बरेचसे आत सोडते.

पुढच्या एक ते तीन आठवड्यांत केस पुन्हा उगवल्यासारखे दिसतात. बऱ्याच जणी इथेच पैसे वाया गेले म्हणून चिमटा हातात घेतात. ते उगवत नसतात, मेलेले केस कातडी बाहेर ढकलत असते. अंघोळीत हलक्या हाताने चोळलं की ते गळून जातात. केस टप्प्याटप्प्याने वाढतात आणि वाढीच्या टप्प्यात असलेल्यांवरच लेझर नीट चालतं, म्हणून साधारण सहा ते आठ वेळा जावं लागतं, अंगासाठी सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने. हिशेब केला तर आठ खेपांना दहा महिने सहज लागतात. वैशाखात लग्न आणि फाल्गुनात सुरुवात, हे गणित जमत नाही. एवढं करूनही केस खूप कमी होतात, बारीक होतात, पण समूळ नाहीसे होतीलच असं नाही. काही दक्षिण आशियाई स्त्रियांच्या चेहऱ्यावर, विशेषतः गालाच्या कडेला आणि जबड्याखाली, लेझरनंतर उलट केस वाढल्याचंही दिसलं आहे. तसं वाटलं तर पुढची खेप थांबवून डॉक्टरला दाखवावं.

फोड आला, राखाडी किंवा पांढरे ठिपके उठले, दोन दिवसांनंतरही आग कमी होईना, तर टूथपेस्ट आणि हळद लावत घरी बसू नये. गार पाणी घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. नगरजवळ विळद घाटात विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे. जाताना लेझर कोणतं होतं, किती जोराचं लावलं आणि कोणत्या तारखेला, याची नोंद असलेला कागद सोबत हवा. तो पहिल्याच खेपेला मागून घ्यावा; दवाखान्याने तो द्यायला का-कू केली, तर दुसरा दवाखाना शोधावा.