कवटीतील राखीव जागा

प्रौढ माणसाची कवटी म्हणजे न ताणणारी पेटीच. तिच्यातील सुमारे ८० टक्के जागा मेंदू व्यापतो. उरलेल्या जागेत रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव असतो. एकाचे आकारमान वाढले की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. या तत्त्वाचा पाया स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो (१७८३) व जॉर्ज केली (१८२४) यांनी घातला.

डोक्याला मार लागून आत रक्त साचू लागले, की आधी हा द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो आणि नीलांतील रक्त बाहेर पडते. त्यामुळे दाब काही काळ ७ ते १५ मिलिमीटर पारा या सामान्य मर्यादेत राहतो. ही राखीव जागा संपताच मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी वा गुंगी दिसल्यास, रुग्ण बोलत आहे म्हणून न थांबता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.