नवरात्रातली पोथी

राजस्थानी किंवा पहाडी लघुचित्रांत ऋतू चित्राच्या आतच असतो. बारामासा मालिकेत श्रावण आला की काळे ढग भरून येतात, मोर दिसतात, राधाकृष्ण गच्चीवर बसलेले असतात. पिंगुळीच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रं दाखवून कथा सांगण्याच्या परंपरेत, ऋतू असा रंगवलेला सापडत नाही. इथे ऋतू आला की चित्रंच बाहेर काढतात.

तो ऋतू नवरात्राचा. हळवं भात कापणीला आलेलं असतं, देवळात घट बसलेले असतात. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत अशा वेळी पोथी घेऊन देवळात जात. कुठल्या देवळात कुठल्या घराण्याने कथा सांगायची, हे सावंतवाडी संस्थानच्या काळापासून ठरलेलं. तो मान पिढीजात चालत आला.

पोथी म्हणजे एका कथेची सुटी चित्रं, एकावर एक रचलेली. कागद साधारण फूट-दीड फुटाचा. आधी गणपती, मग शारदा, त्यानंतर रामायण-महाभारतातलं आख्यान. समईच्या उजेडात कथेकरी चित्र फळीला टेकवून श्रोत्यांसमोर धरतो. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीने गातो, मध्येच गद्यात बोलतो, प्रसंग संपला की पान बदलतो. चेहरे बाजूने काढलेले, पण डोळा समोरून पाहावा तसा मोठा, पूर्ण उघडा. लघुचित्र हातात धरून एकट्याने न्याहाळायचं. हा डोळा मात्र मंडपात मागे बसलेल्या म्हातारीलाही दिसला पाहिजे, म्हणून रेघ जाड आणि रंग ठसठशीत. ही मला फार मोठी समज वाटते.

चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातल्या, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’मध्ये आहे. पिंगुळीत ही परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही त्यांच्याकडे आहेत. ठाकर आदिवासी कला आंगण हे त्यांचं संग्रहालय पिंगुळीतच आहे. मालवणला समुद्र पाहायला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून तिथे जावं. नुसती चित्रं पाहून मात्र परतू नये, एखादा प्रसंग गाऊन दाखवायला सांगावं.

कारण चित्रकथी आता दिवाणखान्यांतही लागते. नवी चित्रं खास त्यासाठी काढतात, त्यातून कलावंताचं घर चालतं, हे चांगलंच आहे. जुन्या पोथीचं तसं होऊ नये. तिच्यात दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून एक पान केलेलं असतं. ते चौकटीत बसवलं की त्यातलं एक चित्र कायमचं भिंतीकडे तोंड करून राहतं.