कोणते लिनक्स घ्यावे? : एका बालरोगतज्ज्ञाचे अनुभवकथन

गेल्या वर्षभरात आपल्या मासिक सभा आटोपल्यावर चहाच्या वेळी मला एकच प्रश्न वारंवार विचारण्यात आला. 'विंडोज १०'ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, 'विंडोज ११' दवाखान्यातील जुन्या संगणकावर चढत नाही, आणि तुम्ही तर म्हणे फुकटचे लिनक्स वापरता. मग त्यांतले नेमके कोणते घ्यावे? चहा संपेपर्यंत या प्रश्नाचे उत्तर देऊन होत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला तेव्हा तेच अर्धवट राहिलेले उत्तर पूर्ण करावे असे ठरविले. मी बालरोगतज्ज्ञ आहे, संगणकशास्त्राचा पदवीधर नाही, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

मी या वाटेला लागलो तो हौसेने नव्हे, अडचणीपोटी. १९९८ साली एका होतकरू तरुणाने माझ्यासाठी फॉक्सप्रोमध्ये लसीकरणाच्या नोंदींचा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. पुढे तो नोकरीनिमित्त बेळगाव सोडून गेला. प्रोग्राम मात्र इमानेइतबारे चालू राहिला. २००६ सालच्या पावसाळ्यात एका सकाळी तो संगणक सुरूच होईना. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी बरीच खटपट केली आणि शेवटी, "डॉक्टर, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल," असा निर्णय दिला. आत आठ वर्षांच्या नोंदी होत्या. छापील प्रती काढण्याची शिस्त मी कधीच पाळली नव्हती. त्या नोंदींत एक मुलगा असा होता, की ज्याला २००१ साली पेनिसिलीनची गंभीर प्रतिक्रिया येऊन गेली होती. त्याच्या आईवडिलांकडचे कार्ड घर बदलताना हरवले होते, म्हणजे लेखी नोंद काय ती माझ्याकडेच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजाऱ्यांचा अभियांत्रिकीत शिकणारा मुलगा एक सीडी घेऊन आला. तिच्यावर 'नॉपिक्स' होते. क्लाउस क्नोपर या जर्मन अभियंत्याने २००० साली प्रसिद्ध केलेली ही प्रणाली संगणकाच्या हार्ड डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चालते. पाच मिनिटांत पडद्यावर चित्र उमटले, आणि 'मेलेल्या' डिस्कमधील सर्व फायली समोर दिसू लागल्या. बिघाड यंत्रप्रणालीत होता, नोंदी सुखरूप होत्या. त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली ओपनऑफिसच्या तक्त्यात विनासायास उघडल्या. मी सर्वांत आधी त्या मुलाची ओळ शोधली. 'पेनिसिलीन रिॲक्शन' हे शब्द तिथे जसेच्या तसे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लिनक्स हे वस्तुतः संपूर्ण प्रणालीचे नाव नाही; ते तिच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे नाव आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची वार्ता जगाला दिली. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला होता आणि गाभ्याभोवतीची पुष्कळशी साधने त्या प्रकल्पातून तयार झाली होती. हा गाभा, ही साधने, पडद्याची मांडणी आणि रोजचे प्रोग्राम एकत्र बांधून, तपासून, जो वापरण्याजोगा संच दिला जातो त्याला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणतात. मी त्यासाठी 'वितरण' हा शब्द वापरतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पॅरासिटामॉल एकच, परंतु तान्ह्या बाळाला थेंब, तीन वर्षांच्या मुलाला सिरप आणि आईला गोळी. औषध तेच असले तरी घेणारा कोण, यावर रूप ठरते. म्हणून 'सर्वांत चांगले लिनक्स कोणते' हा प्रश्न 'सर्वांत चांगले पॅरासिटामॉल कोणते' या प्रश्नाइतकाच अपुरा आहे.

असे असूनही निवड करताना मी एका गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देतो. पडद्याचे सौंदर्य वा नावीन्य यांकडे मी फारसे पाहत नाही; या वितरणाला सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार आणि त्या देणारा कोण, हे मी प्रथम विचारतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील संगणक ठप्प केले, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या छिद्राला लागणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ते अनेक यंत्रांवर लावलेच गेले नव्हते. लस उपलब्ध होती, ती दिली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. लिनक्सलाही हाच नियम लागू आहे. लिनक्स घेतले म्हणजे व्हायरसची चिंता मिटली, असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मुदतीच्या दृष्टीने पाहिले तर वितरणांत फार मोठा फरक आढळतो. 'फेडोरा' अत्यंत गुणी आहे, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिनेच सांभाळली जाते. 'आर्च'मध्ये आवृत्ती अशी नसतेच. नवे ते सतत येत राहते. ज्याला संगणक हाच छंद आहे त्याने ही दोन्ही जरूर वापरावीत. ज्याच्या बाकावर वीस पालक बसले आहेत त्याने मात्र दूर राहावे. 'उबुंटू'च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली हे वितरण सुरू केले; एके काळी त्याच्या सीडी मागणी करताच टपालाने घरपोच, विनामूल्य येत. अजूनही माझ्या कपाटात तसल्या दोन आहेत. देणारा कोण, हा प्रश्नही महत्त्वाचा, कारण आश्वासने मागे घेतली जातात. 'सेंटओएस ८' २०२९ पर्यंत सांभाळले जाईल या भरवशावर जगभरच्या संस्थांनी ते घेतले होते. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, की ते २०२१ अखेर संपेल.

या साऱ्या विचारांती माझ्या खोलीतील संगणकावर जे स्थिरावले ते 'डेबियन'. इयन मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी त्याची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे आणि स्वतःचे नाव जोडून त्यांनी हे नाव बनविले. त्यामागे कोणतीही कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवितात, दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात, आणि १९९७ पासून एक लेखी सामाजिक करार पाळतात. डेबियनची कार्यपद्धती तर आपल्याला फारच ओळखीची वाटेल. नवा प्रोग्राम प्रथम 'अनस्टेबल' शाखेत येतो, तेथे काही काळ निर्धोक ठरला तर 'टेस्टिंग'मध्ये जातो. मग एका टप्प्यावर नवे काही घेणे बंद करून केवळ दोष दूर केले जातात, आणि साधारण दोन वर्षांनी 'स्टेबल' आवृत्ती बाहेर पडते. औषधाच्या चाचण्यांचे टप्पे आठवावेत. परिणामी डेबियनमधील प्रोग्राम थोडे जुने असतात. मला त्याचे वैषम्य वाटत नाही. बाजारात कालच आलेले प्रतिजैविक आजच लिहिण्याची घाई मी दवाखान्यातही करीत नाही. प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील पात्राचे नाव देतात, आणि 'अनस्टेबल' शाखेचे कायमचे नाव आहे सिड, म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा मुलगा. बालरोगतज्ज्ञाला आणखी काय हवे!

परंतु माझी आवड ती सर्वांची निवड, असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात मी चार-पाच वितरणे बदलून पाहिली. २०१२ च्या सुमारास त्यांपैकी एकाच्या नव्या आवृत्तीत पडद्याची सगळी मांडणीच बदलून गेली. सोमवारी सकाळी आमच्या स्वागतकक्षातील ताई आत येऊन म्हणाल्या, "सर, माझं सगळं कुठं गेलं हो?" काहीच गेले नव्हते, जिथे असायचे तिथे ते नव्हते, इतकेच. पण बाहेर रडणारी मुले आणि आत हरवलेली बटणे, असा तो दिवस गेला. तेव्हापासून स्वागतकक्षात 'लिनक्स मिंट' आहे. क्लेमां लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेले हे वितरण उबुंटूच्या पायावर उभे असले, तरी पडद्याची मांडणी जुन्या वळणाची ठेवते: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते एका दिवसात हाताळता येते. त्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. कोणी मला एकच नाव सांगा म्हटले, तर मी मिंटचेच सांगतो, डेबियनचे नाही.

आपल्या गावापुरता एक मुद्दा इथे विस्ताराने मांडला पाहिजे, तो भाषेचा. मी पालकांना देत असलेल्या सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापतो. पूर्वी आपण निरनिराळे फॉन्ट वापरीत असू, त्यांत अक्षरांचे संकेत त्या त्या फॉन्टपुरते असत. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली की अक्षरांचा नुसता चिवडा होई. युनिकोडने ती पीडा संपविली, आणि आज कोणत्याही प्रमुख वितरणात 'लोहित' वा 'नोटो' हे मोफत टंक बसविता येतात. कळफलकासाठी मी इनस्क्रिप्टची शिफारस करतो. त्यात सर्व भारतीय लिप्यांतील समान उच्चाराची अक्षरे एकाच कळीवर आहेत. ज्या कळीवर मराठी 'क' तिच्यावरच कन्नड 'क'. आमच्या ताई मराठीत टंकन शिकल्या आणि पंधरा दिवसांत कन्नडमध्येही टंकू लागल्या, कारण बोटांना नवे काही शिकायचेच नव्हते. ज्यांना रोमन अक्षरांच्या उच्चारानुसार टंकायचे असेल त्यांच्यासाठी 'कगप' हा मूळचा कन्नड कळफलक मराठी रूपातही लिनक्समध्ये तयार असतो.

'दुसऱ्या डोसची तारीख' हे शब्द माझ्या प्रत्येक कागदावर येतात, आणि त्यातला 'ऱ्या' वर्षानुवर्षे 'र्या' असा छापला जाई. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून 'र'ची कळ, मग हलन्त, मग 'य' अशा क्रमाने तो अचूक उमटतो. हे विंडोजमध्येही होते, हे प्रांजळपणे सांगतो. पण मला ते लिनक्सने शिकविले.

आता अडचणी. ईसीजी, सोनोग्राफी वा प्रयोगशाळेतील यंत्रांसोबत येणारे प्रोग्राम बहुधा विंडोजपुरतेच असतात. त्या संगणकांना मुळीच हात लावू नये. उत्पादकाला विचारावे, आणि शक्य तेथे ते इंटरनेटपासून अलग ठेवावेत. टॅली वापरणाऱ्यांनी हिशेबाचा संगणक वेगळा ठेवणेच बरे. डिजिटल सहीच्या काही यूएसबी टोकनचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर मिळतात, काहींचे मिळत नाहीत. प्रिंटर घेतानाच चौकशी करावी. उलटपक्षी एक्स-रे, सीटी यांच्या डायकॉम चित्रांसाठी उत्तम मोफत दर्शक आहेत. डेबियनमध्ये तर २००२ पासून 'डेबियन मेड' नावाचा वैद्यकीय प्रोग्रामांचा स्वतंत्र विभागच चालतो. मोठ्या रुग्णालयासाठी 'बाह्मनी' ही मुक्तस्रोत नोंदप्रणाली पाहण्यासारखी आहे. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात ती प्रथम वापरली गेली.

ज्यांना प्रयोग करायचा आहे त्यांनी प्रथम सर्व नोंदींच्या दोन प्रती घ्याव्यात, त्यांतील एक दवाखान्याबाहेर ठेवावी. नंतर मिंट पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करावा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. प्रिंटर छापतो का, वायफाय लागतो का, मराठी नीट उमटते का, एवढे आठवडाभर पाहावे. सारे जमले तरच कायमचे बसवावे, आणि तेही रविवारी. सोमवारी सकाळी बसवू नये, हे मी स्वानुभवाने सांगतो.

२००६ साली गेलेला तो संगणक अर्थातच आता नाही. त्यानंतर घेतलेला एक छोटा ३२ बिटांचा लॅपटॉप मात्र लसींच्या फ्रिजशेजारी आजही आहे. त्यावर रोजच्या तापमानाची नोंद होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३'ने ३२ बिटांच्या संगणकांसाठी संच देणे थांबविले, म्हणून त्यावर 'डेबियन १२'च ठेवले आहे. त्याची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. ताईंनी ती तारीख कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटविली आहे, लसींच्या मुदतीच्या तारखा लिहितात तशीच.