धुराचा बाजार

पर्यावरण सरकारने जपावे की बाजाराने, हा वाद आम्लवर्षेच्या उदाहरणातून चांगला कळतो. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडमुळे आम्लवर्षा होऊन अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या तळ्यांतले मासे मरत होते. १९९० साली तिथल्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली. एकूण प्रदूषणाची मर्यादा सरकारने ठरवली. ती कशी पाळायची, हे मात्र केंद्रांवर सोडले. केंद्रांना परवाने मिळाले; एका परवान्यावर एक टन वायू सोडता येई. ज्याला प्रदूषण स्वस्तात घटवता आले त्याने उरलेले परवाने विकले, ज्याला ते महाग पडले त्याने विकत घेतले. १९९५ पासून हे सुरू झाले आणि खर्च अंदाजापेक्षा बराच कमी आला. कमी गंधकाचा कोळसा रेल्वेने स्वस्तात मिळू लागला, हेही एक कारण.

हे यश एकट्या बाजाराचे, असे म्हणणे मला पटत नाही. मर्यादा कायद्याची होती, धुरांड्यांवर मोजणीयंत्रे सक्तीची होती, दंड होता. सुरतमध्ये २०१९ साली कारखान्यांच्या धूलिकणांसाठी असाच बाजार सुरू झाला, तिथेही मोजणीयंत्रांशिवाय काही चालले नसते. शिवाय परवाने विकत घेणाऱ्या कारखान्याच्या शेजाऱ्यांना धूर तसाच सोसावा लागू शकतो. त्यांच्यासाठी वेगळी स्थानिक मर्यादा हवीच.