मेंदूजन्य अंगघातातील पोटरीचे स्नायू व कंडरा

मेंदूची वाढ चालू असताना, म्हणजे गर्भावस्थेत, जन्मसमयी अथवा शैशवात, त्यास इजा होऊन हालचाल व अंगस्थिती यांत जो कायमचा दोष उत्पन्न होतो, त्यास मेंदूजन्य अंगघात किंवा सेरेब्रल पाल्सी म्हणतात. दर हजार जिवंत जन्मांमागे सु. २ बालकांत तो आढळतो व त्यांपैकी बहुसंख्य बालकांत तो ताठर म्हणजे स्पॅस्टिक प्रकारचा असतो. मेंदूतील मूळ इजा वाढत नाही. तथापि मूल जसजसे वाढते तसतसे पायांतील व्यंग वाढत जाते. चवड्यावर चालणे हे त्याचे नेहमीचे लक्षण असून त्याचे मूळ पोटरीत असते.

पोटरीत दोन प्रमुख स्नायू असतात. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस हा द्विशीर्ष स्नायू मांडीच्या हाडापासून निघत असल्यामुळे गुडघा व घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो. त्याखालील सोलियस गुडघ्याच्या खाली उगम पावतो. दोहोंच्या मीलनाने बनलेली अकिलीझ कंडरा टाचेच्या हाडास जोडलेली असते. चालताना शरीर पुढे ढकलण्याचे कार्य हे स्नायू करतात, तर कंडरा ताणली जाऊन ऊर्जा साठविते व पाऊल उचलताना ती परत देते.

या विकाराचे पद्धतशीर वर्णन इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये केले. स्वतः लिटल यांचे एक पाऊल वाकडे होते व १८३६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक श्ट्रोमायर यांनी त्यांची अकिलीझ कंडरा छेदून ते सुधारले होते. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा प्रतिक्षेपी विरोध वाढणे, ही ताठरतेची व्याख्या जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये मांडली. ताठरता व अवकुंचन यांत भेद करणे आवश्यक आहे. ताठरता बधिरीकरणाखाली नाहीशी होते. स्नायूची लांबीच अपुरी असल्यामुळे येणारे अवकुंचन मात्र तसेच राहते.

श्राव्यातीत तरंग व चुंबकीय अनुस्पंदन यांच्या साहाय्याने केलेल्या परीक्षांत पोटरीचे स्नायू निरोगी मुलांच्या मानाने आकारमानाने लहान व त्यांचा मांसल भाग आखूड असल्याचे आढळते. हा फरक वयाच्या दुसऱ्या वर्षीच दिसू लागतो. स्नायुतंतूंत एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअर या आकुंचनक्षम घटकांची संख्या कमी असते व प्रत्येक घटक अवाजवी ताणलेला असतो. त्यामुळे ॲक्टिन व मायोसिन या तंतुकांची परस्परव्याप्ती घटून बल कमी पडते. ताठर दिसणारा स्नायू वस्तुतः दुर्बल असतो, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तंतूंभोवती कोलॅजनाचे प्रमाण वाढलेले असते. मांडीच्या मागील स्नायूंच्या तपासणीत स्नायूच्या वाढीस व दुरुस्तीस लागणाऱ्या उपग्रह कोशिकाही पुष्कळ कमी आढळल्या आहेत.

कंडरेची स्थिती याउलट असते. मांसल भाग आखूड असल्याने अकिलीझ कंडरा सापेक्षतः लांब असते व तिचे छेदक्षेत्रही पुष्कळदा कमी आढळते. परिणामी घोटा हाताने ताणला असता स्नायूपेक्षा कंडराच अधिक ताणली जाते. केवळ ताण देण्याच्या व्यायामाने स्नायूची लांबी अपेक्षेप्रमाणे का वाढत नाही, याचा उलगडा यावरून काही अंशी होतो.

आखूड स्थितीत जखडलेल्या मांजराच्या सोलियस स्नायूतील सार्कोमिअरांची संख्या सु. ४०% घटते, असे ताबारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखविले. ताठर उंदरांत स्नायूची वाढ हाडाच्या वाढीमागे पडते, असे १९८४ मध्ये आढळून आले. तथापि मुलांमधील सार्कोमिअर आखडलेले नसून ताणलेले असल्यामुळे, सततचे आकुंचन हेच एकमेव कारण मानता येत नाही. स्नायूची वाढच मुळात खुंटते, या मताकडे आता अधिक कल आहे.

परीक्षेत गुडघा सरळ ठेवून व नंतर वाकवून पाऊल वर वळवितात. गुडघा वाकविल्यावर ते सहज वळले, तर अवकुंचन गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये आहे असे समजतात. दोन्ही स्थितींत अडले, तर सोलियसही आखडलेला असतो. या परीक्षेस स्वीडिश शल्यचिकित्सक सिल्फव्हरशोल्ड यांचे नाव दिले आहे.

उपचारांत व्यायाम, घोट्यास आधार देणारी साधने व क्रमाने बदलावयाचे प्लास्टर यांचा समावेश होतो. १९९० नंतर बोट्युलिनम विषाची अंतःक्षेपणे रूढ झाली. त्यांचा परिणाम काही महिने टिकतो. परंतु त्यांमुळे स्नायू आणखी रोडावण्याची शक्यता असल्याने ती वारंवार देण्याबाबत सावधगिरी बाळगतात. ताणास बलवर्धक व्यायामाची जोड दिल्यास कंडरा अधिक दृढ होऊन ताण स्नायूपर्यंत पोहोचतो, असे अलीकडील प्रयोग सुचवितात. शस्त्रक्रियेत मुळातच लांब असलेली कंडरा अधिक लांबविल्यास मांसल भाग आणखी आखडतो. लांबी प्रमाणाबाहेर वाढली, तर पाऊल ढकलण्याची शक्ती जाऊन मूल गुडघे वाकवून चालू लागते. हा दोष मूळ दोषापेक्षा दुस्तर असतो. म्हणून गॅस्ट्रोक्नेमियसचाच दोष असल्यास कंडरेस धक्का न लावता, त्या स्नायूचा कंडरेकडील सपाट पडदाच छेदण्याच्या पद्धती वापरतात. व्हुल्पिउस (१९१३) व स्ट्रेयर (१९५०) यांच्या पद्धती त्यांपैकी होत. टाच जमिनीस टेकविणे एवढेच उपचाराचे उद्दिष्ट नसून, स्नायूचे उरलेले बल राखणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.