बुद्धि: वकील कीं न्यायाधीश?

मनुष्य हा विचार करणारा प्राणी आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पशूला भूक लागली कीं तो खातो, भय वाटलें कीं पळतो. मनुष्य मात्र थांबतो, कारणें पाहतो, परिणाम तोलतो आणि मग पाऊल टाकतो, असा आपला समज आहे. हा समज खोटा नाहीं. परंतु तो जितका सुखकर आहे तितका पुरा नाहीं. आपल्या नित्याच्या वागण्याकडे थोडें बारकाईनें पाहिलें, तर पुष्कळदां उलटाच क्रम दिसून येतो. निर्णय आधीं होतो आणि कारणें मागाहून धांवत येतात.

परीक्षा जवळ आलेली असते. पहाटे उठून अभ्यास करण्याचा निश्चय रात्रीं झालेला असतो. गजर होतो, आणि अंथरुणांतल्या अंथरुणांतच बुद्धि कामाला लागते: झोप पुरी झाली नाहीं तर वाचलेलें लक्षांत राहत नाहीं, प्रकृति बिघडली तर वर्षच फुकट जाईल, सायंकाळीं दोन तास अधिक बसतां येईल. यांतलें एकहि विधान खोटें नाहीं. तरी पण तीं विधानें उठण्याच्या वेळींच कां सुचलीं, रात्रीं निश्चय करतांना कां सुचलीं नाहींत, असें कोणी विचारलें तर उत्तर देणें कठीण जातें. वडील माणसांची गोष्टहि निराळी नसते. कर्ज काढून लग्नाचा थाट करणारा गृहस्थ हौसेचें नांव काढीत नाहीं. तो नातेवाइकांचा मान, मुलीचें सुख, घराण्याची रीत अशीं एकाहून एक वजनदार कारणें पुढें मांडतो. 'नाचतां येईना, अंगण वांकडें' आणि 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें' या म्हणी आपल्या पूर्वजांनीं उगीच केल्या नाहींत. मनाची ही खोड त्यांना पुरती ठाऊक होती.

अमेरिकेचे प्रसिद्ध मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँक्लिन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत या खोडीची एक मोठी गमतीची हकीकत सांगितली आहे. तरुणपणीं त्यांनीं मांसमत्स्य सोडलें होतें. मासा मारणें ही विनाकारण केलेली हत्या होय, असें त्यांचें तेव्हांचें मत होतें. पुढें बोस्टनहून गलबतानें जात असतां वारा पडला, गलबत अडकून राहिलें, आणि बरोबरच्या लोकांनीं कॉड जातीचे पुष्कळ मासे पकडून तळावयास घेतले. फ्रँक्लिन यांस पूर्वीं माशांची फार आवड असे. त्या वासानें त्यांचें तत्त्व आणि त्यांची जीभ यांच्यांत झगडा सुरू झाला. इतक्यांत त्यांस आठवलें कीं, मासे कापतांना मोठ्या माशांच्या पोटांतून लहान मासे निघाले होते. मग काय विचारतां! मासे जर एकमेकांस खातात, तर आम्हीं त्यांना कां खाऊं नये, असा सिद्धान्त ठरून त्यांनीं यथेच्छ भोजन केलें. ही गोष्ट सांगून ते स्वतःलाच हंसतात. मनुष्याला बुद्धि असणें किती सोयीचें आहे, कारण जें करावेंसें वाटतें त्याला कारण सांपडतें, आणि न सांपडलें तर तयार करतां येतें, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आहे.

तर मग बुद्धि ही निरुपयोगी म्हणावयाची काय? तसें नव्हे. बुद्धि दोन प्रकारचीं कामें करूं शकते, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. ती वकिलाचें काम करते आणि न्यायाधीशाचेंहि करते. वकिलाला निकाल आधींच ठाऊक असतो. आपल्या पक्षकाराला जिंकवावयाचें हा तो निकाल. मग तो त्याला अनुकूल असा पुरावा शोधतो आणि प्रतिकूल पुरावा झांकतो. न्यायाधीश प्रथम दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल शेवटीं देतो. वकिली हा कांहीं वाईट धंदा नव्हे. न्यायालयांत तो आवश्यकच आहे. कारण तेथें समोर दुसरा वकील उभा असतो आणि वर न्यायासन असतें. मनाच्या न्यायालयांत मात्र बहुधा एकच वकील येतो, प्रतिपक्षाला समन्सच पोहोंचत नाहीं, आणि न्यायासनावरहि तो वकीलच जाऊन बसतो. सारी अडचण तेथें आहे.

इंग्रज तत्त्ववेत्ता फ्रान्सिस बेकन यानें इ. स. १६२० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक जुनी गोष्ट दिली आहे. एका मनुष्याला देवळांत नेऊन तेथील चित्रें दाखविण्यांत आलीं. देवाला नवस बोलल्यामुळें जे लोक बुडत्या जहाजांतून वांचले, त्यांचीं तीं चित्रें होतीं. आतां तरी देवांचें सामर्थ्य पटलें ना, असें त्यास विचारलें, तेव्हां त्यानें उलट प्रश्न केला कीं, नवस बोलूनहि जे बुडाले त्यांचीं चित्रें कोठें आहेत? बेकन यास एवढेंच दाखवावयाचें होतें कीं, जुळणाऱ्या गोष्टी मन टिपून ठेवतें आणि न जुळणाऱ्या सोडून देतें.

आपल्या काळाच्या जवळ येऊन याच दोषाची परीक्षा प्रयोगानेंहि झाली आहे. पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञानें लंडन येथें केलेला व इ. स. १९६० सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग शाळेंतल्या कोणत्याहि वर्गांत करून पाहतां येईल इतका सोपा आहे. २, ४, ६ हे तीन आंकडे एका नियमास धरून आहेत, असें विद्यार्थ्यांस सांगितलें. त्यांनीं आपल्या मनानें दुसरे तीन तीन आंकडे सुचवावयाचे. ते नियमास धरून आहेत कीं नाहींत तेवढें त्यांस सांगण्यांत येई. आणि खात्री वाटेल तेव्हां त्यांनीं नियम बोलून दाखवावयाचा. बहुतेकांच्या मनांत आलें कीं दोनदोननें वाढणारे आंकडे हाच तो नियम. त्यांनीं ८, १०, १२ असे आंकडे सुचविले. 'बरोबर' असें उत्तर आलें. १४, १६, १८ सुचविले, पुन्हां 'बरोबर'. मग मोठ्या आत्मविश्वासानें त्यांनीं नियम सांगितला आणि तो चुकला. खरा नियम फक्त 'चढत्या क्रमाचे आंकडे' एवढाच होता. १, ७, ५० असे आंकडे कोणीं सुचविले असते, तर आपली कल्पना चूक आहे हें एका क्षणांत कळलें असतें. परंतु आपलें म्हणणें खोटें ठरेल असा प्रश्न विचारण्याची इच्छाच फार थोड्यांस झाली. २९ जणांपैकीं अवघ्या ६ जणांनीं मध्यें न चुकतां खरा नियम सांगितला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. २, ४, ६ या आंकड्यांवर कोणाची नोकरी, मान किंवा भवितव्य अवलंबून नव्हतें. तरी बुद्धि एकाच बाजूनें धांवली. जेथें स्वतःचा लाभ गुंतलेला असतो, तेथें ती किती वेगानें धांवत असेल! म्हणून महत्त्वाकांक्षेच्या वाटेवर या दोषाचा विचार विशेष अगत्यानें केला पाहिजे. महत्त्वाकांक्षा हा शब्द महत्त्व आणि आकांक्षा या दोन शब्दांच्या संधीनें झाला आहे. आकांक्षा ही वाईट नव्हे. तिच्यावांचून कोणतेंहि मोठें काम झालेलें नाहीं. परंतु ती जितकी प्रबळ, तितका तिनें नेमलेला वकील हुषार असतो. मंद मनुष्याला आपल्या अन्यायासाठीं एक कारण सांपडतें. बुद्धिमंताला दहा सांपडतात. म्हणून चांगलें शिक्षण मिळालें म्हणजे मनुष्य न्यायी होईलच, असें समजूं नये. कित्येकदां शिक्षणानें फक्त वकिलाची फी वाढते.

यावर उपाय कोणता, हें चार्ल्स डार्विन यांच्या चरित्रावरून शिकण्यासारखें आहे. आपल्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनांत किंवा मनांत आली, कीं ती ते तत्काळ टिपून ठेवीत. कारण अनुकूल गोष्टींपेक्षां अशा प्रतिकूल गोष्टी लवकर विसरल्या जातात, असा त्यांचा अनुभव होता. हा नियम त्यांनीं पुष्कळ वर्षें पाळला. पुढें इ. स. १८५८ च्या जून महिन्यांत त्यांच्या सचोटीची कसोटी पाहणारा प्रसंग आला. आल्फ्रेड रसेल वॉलेस या दूर मलाया द्वीपसमूहांत काम करणाऱ्या तरुण संशोधकाचा लेख टपालानें त्यांच्या हातीं आला. सुमारें वीस वर्षें जो सिद्धान्त डार्विन मनांत वागवीत होते, तोच त्या लेखांत स्वच्छ मांडलेला होता. तो लेख योग्य वाटल्यास भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांस दाखवावा, अशी वॉलेस यांची विनंति होती. पत्र पोहोंचलेंच नाहीं असें म्हणणें किती सोपें होतें! डार्विन यांनीं तो लेख लायेल यांजकडे धाडला, आणि स्वतःच्या मानाच्या बाबतींत स्वतः निकाल न देतां तो लायेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर या मित्रांवर सोंपविला. त्यांनीं डार्विन यांचें जुनें लिखाण व वॉलेस यांचा लेख हीं दोन्हीं १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें एकत्र वाचविलीं. ही व्यवस्था अगदीं निर्दोष होती असें म्हणवत नाहीं. निकाल देणारे डार्विन यांचे स्नेही होते, आणि सहस्रावधि मैल दूर असलेल्या वॉलेस यांस कोणीं विचारलें नव्हतें. परंतु आपल्याच दाव्यांत आपण न्यायाधीश होऊं नये एवढें तरी डार्विन यांनीं जाणलें. आणि वॉलेस यांनींहि तो निर्णय समाधानानें मान्य केला. दोघांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. इ. स. १८९७ सालीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले हे वेल्बी कमिशनापुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेस गेले होते. वय अवघें एकतीस वर्षांचें; साक्ष उत्तम झालेली; सार्वजनिक जीवनाचा मार्ग समोर मोकळा. त्याच वेळीं पुण्यांत प्लेगच्या निमित्तानें गोऱ्या सोजिरांकडून घरांची झडती चालू होती, आणि तीमुळें लोकांत फार संताप उसळला होता. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वासून गोखल्यांनीं सोजिरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा गंभीर आरोप विलायतेंत उघडपणें केला. परत आल्यावर त्यांनीं पुरावा शोधला. पण त्या विशिष्ट आरोपाला आधार देण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां त्यांनीं मोकळेपणानें, कोणतीहि अट न घालतां, जाहीर माफी मागितली.

या वेळीं त्यांच्या मनांतल्या वकिलाला बोलावयास किती जागा होती, याचा विचार करावा. लोकांचे हाल तर खरेच होते. मग एका विधानाचा पुरावा नसला म्हणून काय बिघडलें? माफी मागितली तर राज्यकर्त्यांचेंच फावेल. पत्रें लिहिणारांचीं नांवें सांगून दोष त्यांच्यावर टाकतां आला असता. यांतलें प्रत्येक कारण वजनदार होतें. परंतु जें सिद्ध करतां येत नाहीं तें मागें घेतलेंच पाहिजे, या एका कारणापुढें तीं सारीं कारणें गोखल्यांनीं हलकीं मानलीं. त्याची किंमत त्यांना रोकडी द्यावी लागली. सरकारपक्षाचीं पत्रें तर त्यांच्यावर तुटून पडलींच, पण स्वकीयांनींहि त्यांस भित्रे ठरविलें. कांहीं काळ त्यांचें सार्वजनिक जीवन संपलें असेंच वाटत होतें. पुढें इ. स. १९०५ सालीं तेच गोखले बनारस येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. मात्र 'खरें वागल्यामुळें शेवटीं मान मिळाला' असा धडा यावरून घेऊं नये; कारण १८९७ सालीं माफीपत्रावर सही करतांना १९०५ साल त्यांस दिसत नव्हतें. मान मिळण्याचा भरंवसा नसतांना ते तसे वागले, हेंच त्या वागण्याचें मोल आहे.

आतां आपल्या रोजच्या जीवनाकडे वळूं. मोठे प्रसंग क्वचित् येतात. सवय लहान प्रसंगांत जडते. त्यासाठीं तीन साधे नियम पुरे आहेत. पहिला, डार्विन यांचाच: एखादी गोष्ट करावी असें फार वाटूं लागलें, कीं तिच्याविरुद्ध असलेलीं कारणें कागदावर लिहून काढावीं. मनांतलीं प्रतिकूल कारणें पळून जातात. कागदावरचीं पळत नाहींत. आज हातांतल्या मोबाइलवर आपणांस आवडेल तेवढेंच नित्य पुढें येत राहतें, म्हणून या नियमाची गरज पूर्वींपेक्षां अधिकच आहे. दुसरा नियम, नांवें बदलून पाहण्याचा: मी केलें तें माझ्या प्रतिस्पर्ध्यानें केलें असतें तर मी त्याला काय नांव दिलें असतें? शेजारच्याच्या उत्तरपत्रिकेंत डोकावणारा स्वतःच्या कृत्यास 'नुसती खात्री करून घेणें' म्हणतो. तेंच दुसऱ्यानें केलें तर त्याला 'कॉपी' हा शब्द लगेच आठवतो. परीक्षकापुढें उत्तरपत्रिका नांव झांकून ठेवतात तें याचसाठीं. तिसरा नियम, ज्याचा आपल्या निकालांत लाभ नाहीं अशा वडीलधाऱ्या मनुष्याचा सल्ला घेण्याचा. मात्र सल्ला घेतांना आपल्याला हवें तें बोलणाराच माणूस शोधून काढूं नये. नाहीं तर तोहि आपल्या वकिलाचा कारकून ठरतो.

याचा अर्थ मनुष्यानें सदैव स्वतःवर संशय घेत बसावें असा नाहीं. न्यायाधीशाला कधीं तरी निकाल द्यावाच लागतो. पुरावा ऐकण्यांतच आयुष्य घालविणारा न्यायाधीश आणि पुरावा न ऐकणारा न्यायाधीश हे दोघेहि सारखेच निरुपयोगी. दोन्ही बाजू ऐकाव्या, निकाल द्यावा आणि निर्भयपणें त्याप्रमाणें वागावें. नवा पुरावा समोर आला तर तो निकाल फिरविण्याची लाज मात्र बाळगूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक या वर्षीं दहावीची परीक्षा देऊन शाळेबाहेर पडतील. कोणी डॉक्टर होईल, कोणी इंजिनियर, कोणी दुकान चालवील, कोणी शेती पाहील. त्यांनीं मोठें व्हावें अशीच आमची इच्छा आहे. परंतु वाटेंत असा एखादा दिवस प्रत्येकाला येईल, कीं जेव्हां पुढें जाण्याचा सोपा मार्ग आणि खरा मार्ग निरनिराळे दिसतील, आणि सोप्या मार्गाच्या बाजूनें उत्तमोत्तम कारणें आपोआप सुचूं लागतील. कारणें फार सहज सुचूं लागलीं म्हणजे क्षणभर थांबावें, आणि आपल्याशींच विचारावें: हें बोलतो आहे तो वकील कीं न्यायाधीश? हा प्रश्न प्रामाणिकपणें विचारण्याची सवय जर या शाळेंत लागली असेल, तर पुढें लागणाऱ्या निकालांत गुण कितीहि पडोत, तुमचें शिक्षण वायां गेलें नाहीं असें आम्ही समजूं.